‘सेलिब्रिटी’ला मराठी प्रतिशब्द नको

मराठी भाषा गौरव दिनाची निमंत्रणपत्रिका ठरवण्यासाठी भरलेल्या एका बैठकीत बसण्याचा योग अलीकडेच आला. २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. प्रमुख पाहुणे म्हणून एका तरुण कवीला बोलवायचे आधीच ठरले होते, आणि पत्रिकेच्या कच्च्या मसुद्यात त्याच्या नावामागे ‘सेलिब्रिटी कवी’ अशी बिरुदावली होती. अपेक्षेप्रमाणे वाद झाला. मराठीच्या दिवशी तरी इंग्रजी शब्द नको, असे एका सरांचे म्हणणे. त्यांनी ‘ख्यातकीर्त’ सुचवला. तो विद्यार्थ्यांना कळणार नाही, म्हणून एका मॅडमनी ‘वलयांकित’ सुचवला. तरुण सहकाऱ्यांचे मत असे, की सेलिब्रिटी हा आता मराठीच शब्द आहे; टेबल आणि पेन चालतात, मग हाच का चालू नये? अर्धा तास ही चर्चा रंगली. त्या अर्ध्या तासात एक प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही, आणि हे कबूल केले पाहिजे की मीही विचारला नाही: या कवीची कोणती कविता आपल्यापैकी कोणी वाचली आहे?

हा प्रश्न सुचला नाही याला आमचा आळस कारणीभूत आहेच. पण तो शब्दही कारणीभूत आहे. ‘सेलिब्रिटी’ या शब्दाची घडणच अशी आहे, की तो उच्चारल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. म्हणून माझे म्हणणे बैठकीतल्या दोन्ही पक्षांहून वेगळे आहे. हा शब्द मराठीतून हाकलू नये. त्याला मराठी प्रतिशब्दही शोधू नये. तो इंग्रजीत ज्या अर्थाने वाढला त्याच अर्थाने, परक्या वेशातच, येथे नांदू द्यावा. आणि ज्यांच्या कामाचे नाव घेता येते अशा कोणालाही तो लावू नये.

प्रथम शब्दाचे कुळ पाहू. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. लॅटिनमधल्या ‘केलेबर’ या विशेषणाचा मूळ अर्थ गजबजलेला, वर्दळीचा, जेथे लोक गर्दी करतात असा; रस्ता, बाजार, देवस्थान यांना ते लागत असे. ‘केलेब्रितास’ म्हणजे ती गर्दी, तो गजबजाट. उत्सव साजरा करणे या अर्थाचे ‘सेलिब्रेट’ हे क्रियापद त्याच घरातले, कारण उत्सवाला लोक जमतात. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी ना गुण आहे, ना कर्तृत्व. आहे ती जमलेली माणसे. आपल्याकडच्या यात्रेच्या गावाला जे विशेषण शोभेल ते पुढे माणसाला लागले.

तरीही इंग्रजीत कित्येक शतके हा शब्द भाववाचकच होता. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या ‘रॅम्बलर’मध्ये, म्हणजे १७५०-५२च्या सुमारास, तो नावलौकिक याच अर्थाने येतो. एखाद्याला ‘सेलिब्रिटी’ लाभे. कोणी स्वतःच ‘सेलिब्रिटी’ होत नसे. माणसाला उद्देशून तो वापरल्याची उदाहरणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, १८४९च्या सुमारास दिसू लागतात. हा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. वाफेवर चालणारी छापयंत्रे आली होती, स्वस्त वृत्तपत्रे वाढत होती. थोड्याच वर्षांत, १८५४ साली, पॅरिसमध्ये दिस्देरी या छायाचित्रकाराने भेटकार्डाएवढ्या छोट्या छायाचित्रांचे पेटंट घेतले, आणि १८६०च्या दशकात राजघराण्यातल्या माणसांची, नटनट्यांची, लेखकांची अशी छायाचित्रे लंडन-पॅरिसच्या दुकानांत विकली जाऊ लागली. ज्याचे पुस्तक वाचले नाही त्याचा चेहरा घरच्या अल्बमात लावता येऊ लागला. भाववाचक नाम माणसाचे नाम झाले ते अशा काळात. जी गोष्ट माणसाजवळ असायची ती आता माणूसच झाली.

आपल्याकडे याचा एक धाकटा भाऊ आहे. ‘एक थोर व्यक्तिमत्त्व हरपले’ हे वाक्य वृत्तपत्रांत इतक्यांदा छापून येते, की त्यात काही खटकेनासे झाले आहे. वास्तविक हरपते ती व्यक्ती. व्यक्तिमत्त्व हा तिचा धर्म, तिची घडण. गुणाचे नाव गुणवंताला लावण्याची ही सवय निरुपद्रवी वाटते. पण गुण कोणता, हे सांगण्याच्या जबाबदारीतून ती बोलणाऱ्याला मोकळे करते.

आता आपल्या घरचे शब्द पाहू. कीर्ती आणि कीर्तन हे एकाच धातूचे शब्द. त्याचा अर्थ उच्चारणे, सांगणे, वाखाणणे. ख्याती, विख्यात, प्रख्यात हे ‘ख्या’ धातूचे. आख्यान आणि व्याख्यान त्याच धातूचे. ‘विश्रुत’ म्हणजे ज्याच्याविषयी ऐकले गेले आहे तो. ‘लौकिक’ लोकांतून आला, ‘नामांकित’ नावातून. सांगणे, ऐकणे आणि नाव घेणे यांभोवती हे सारे शब्द फिरतात. आणि सांगायचे म्हटले की काहीतरी सांगावे लागते. आख्यान लावायचे तर कथा हवी. बुवा कीर्तनाला उभे राहिले, मृदंग वाजला, मंडप भरला. पण पूर्वरंगात निरूपण नाही आणि उत्तररंगात कथा नाही, तर त्याला कीर्तन म्हणणार नाहीत, नुसती गर्दी म्हणतील. या गर्दीलाच लॅटिनमध्ये ‘केलेब्रितास’ म्हणत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपली भाषा खोल आणि इंग्रजी उथळ, असला सोपा निष्कर्ष मला काढायचा नाही. ‘फेम’ हा इंग्रजी शब्द ज्या ‘फामा’वरून आला, तिचे मूळही बोलण्याच्याच क्रियापदात आहे. व्हर्जिलने ‘ईनिड’च्या चौथ्या सर्गात ‘फामा’चे चित्र रंगवले आहे ते एका राक्षसिणीचे: अंगावर जितकी पिसे तितके डोळे, तितक्या जिभा, तितकेच कान. कीर्ती आणि अफवा या एकाच जिभेवर वसतात, हे रोमनांना पक्के ठाऊक होते. ‘रिनाउन’ म्हणजे पुन्हा पुन्हा घेतलेले नाव. ‘एमिनंट’ म्हणजे आजूबाजूच्यांतून वर आलेला. ‘नोटोरियस’चा मूळ अर्थ नुसता सर्वज्ञात, वाईट नामांच्या संगतीत राहून तो बिघडला, जसा आपल्या वृत्तपत्रांत ‘नामचीन’ शब्द गुंडाला कायमचा चिकटला. म्हणजे इंग्रजीनेही प्रसिद्धीच्या नाना छटा काळजीपूर्वक वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या दुकानात सगळा माल होता; आपण मात्र पुढच्या काचेत लावलेला एकच नग उचलून आणला.

व्याकरणाची एक साधी कसोटी लावून पाहू. प्राथमिक शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी रिकाम्या जागा भरल्या आहेत. नागपूर कशासाठी प्रसिद्ध आहे? संत्र्यांसाठी. सोलापूर? चादरींसाठी. कोल्हापूर? चपलांसाठी, गुळासाठी. ‘प्रसिद्ध’ या शब्दाबरोबर ‘कशासाठी’ हा प्रश्न आपोआप येतो. शिवाय प्रसिद्ध, विख्यात, नामवंत ही विशेषणे आहेत आणि विशेषणाला विशेष्य लागते: प्रसिद्ध गायक, विख्यात शल्यविशारद, नामवंत मल्ल. विशेष्य आले की माणसाचे काम आले. ‘तो फार प्रसिद्ध आहे’ असे नुसते म्हटले, तरी ऐकणारा विचारतो, ‘कोण आहे तो?’ या बाबतीत ‘फेमस’ हा उसना शब्दसुद्धा प्रामाणिक आहे. अमक्या गल्लीतली भेळ फेमस असते. नुसते फेमस असे काही नसते. ‘सेलिब्रिटी’ हे मात्र स्वयंपूर्ण नाम आहे. ‘ती सेलिब्रिटी आहे’ येथे वाक्य संपते. ज्यातली रिकामी जागा भरावी लागत नाही असे हे वाक्य आहे.

दुसरी कसोटी अधिक निर्णायक आहे. मराठीत ‘प्रसिद्धिपराङ्मुख’ असा एक भारदस्त शब्द आहे. आपल्या गौरवलेखांत तो नको इतका येतो. जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) धारवाडला राहिले, इंग्रजी शिकवत राहिले, सभासंमेलनांपासून कटाक्षाने लांब राहिले, आणि तरी मराठी कथेचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. ‘प्रसिद्धिपराङ्मुख, सुप्रसिद्ध कथाकार’ हे वर्णन विरोधाभासाचे दिसते, पण ते खरे आहे. कारण कथा वाचल्या जात होत्या, कथाकार पाहिला जावा लागत नव्हता. आता त्याच जागी ‘प्रसिद्धिपराङ्मुख सेलिब्रिटी’ म्हणून पाहा. शब्द एकत्र उभे राहायला तयार होत नाहीत. पाहिले जाणे थांबले की सेलिब्रिटी संपते; कथाकार संपत नाही.

आपली परंपरा कीर्तीच्या बाबतीत विरक्त होती, असा दावा करण्याचेही कारण नाही. मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली, त्यांत यश पहिले. रामदासांनी मनाच्या श्लोकांत देहामागे उरणारी कीर्ती माणसापुढे ध्येय म्हणून ठेवली. यशाची हाव आपल्याही कवींना होतीच. पण ज्यांचा जन्मदिवस आपण भाषेचा दिवस म्हणून पाळतो, त्यांचे नाव पाहा. कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ. केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा. आधुनिक मराठी कवितेतली ही तीन मोठी नावे दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर उभी आहेत. कविता पुढे, कवी बहिणीच्या, भावाच्या, वडिलांच्या नावाआड. अशा माणसाच्या जन्मदिनी ‘सेलिब्रिटी कवी’ हे बिरुद छापताना आपल्याला काहीच कसे जाणवले नाही, हा प्रश्न मला बैठकीनंतर बराच काळ छळत राहिला.

यावर कोणी म्हणेल, शब्द बदलतात, अर्थ बदलतात. इंग्रजांनीही बदलू दिला. तो बदलला हे खरे. पण इंग्रजीत त्या बदलावर पहाराही बसला होता. लिओ लोवेन्थाल यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी लोकप्रिय साप्ताहिकांतली चरित्रे तपासली. शतकाच्या आरंभी ही चरित्रे प्रामुख्याने राजकारण, उद्योग आणि विविध व्यवसाय यांतल्या माणसांची असत. चाळीस वर्षांनी त्यांची जागा मुख्यतः करमणुकीच्या आणि खेळाच्या जगातल्या माणसांनी घेतली होती. निर्मितीच्या दैवतांकडून उपभोगाच्या दैवतांकडे, असे या प्रवासाचे वर्णन त्यांनी केले. पुढे १९६२च्या सुमारास डॅनियल बूर्स्टिन या इतिहासकाराने ‘द इमेज’ या पुस्तकात सेलिब्रिटीची व्याख्याच केली. त्याचा आशय असा, की सर्वांना ठाऊक असणे याखेरीज जिच्या ठाऊक असण्याला कारण नाही ती सेलिब्रिटी. ही व्याख्या पुढे इतकी रुळली, की इंग्रजीत हा शब्द उच्चारताना ओठांचा एक कोपरा किंचित वाकडा होतो. तेथे ‘सेलिब्रिटी शेफ’ म्हणताना त्याच्या स्वयंपाकाविषयी थोडी शंका सूचित होते. ‘सेलिब्रिटी इतिहासकार’ म्हणवून घेणे अभ्यासू माणसाला आवडत नाही.

माझा मूळ आक्षेप येथे आहे. आपण शब्द आणला, पण त्याच्याभोवतीची शंका सीमेवरच सोडली. इंग्रजीत जी अर्धवट थट्टा आहे ती मराठीत निखळ गौरव झाली. ‘आपल्या गावातून पहिली सेलिब्रिटी घडली’ असे फलक लागतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना ‘मोठे होऊन सेलिब्रिटी व्हा’ असे आशीर्वाद दिले जातात. डॉक्टर व्हा, गवई व्हा, शेतीत काही नवे करून दाखवा, असे सांगताना मुलाला काय करायचे ते कळते. सेलिब्रिटी होण्यासाठी काय करायचे असते? याचे खरे उत्तर एकच: लोकांनी पाहत राहावे अशा जागी उभे राहायचे.

त्या जागी उभे राहण्याची किंमत काय असते, हे ज्या एका उदाहरणातून दिसते त्याचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. जेड गुडी ही लंडनच्या बर्मंडसी भागातली, गरिबीत वाढलेली, दातांच्या दवाखान्यात काम करणारी मुलगी २००२ साली ब्रिटनमधल्या ‘बिग ब्रदर’ या दूरचित्रवाणीवरच्या खेळात आली. तिला गाता येत नव्हते, अभिनय येत नव्हता; तिचे अज्ञान आणि तिची बडबड यांना लोक हसले, आणि त्या हसण्यावर ती सेलिब्रिटी झाली. २००७च्या जानेवारीत त्याच खेळाच्या सेलिब्रिटी आवृत्तीत तिने आणि इतर काहींनी शिल्पा शेट्टी यांना दिलेली वागणूक वांशिक द्वेषाची ठरवली गेली. नियामकांकडे चाळीस हजारांहून अधिक तक्रारी आल्या. ज्यांनी तिला डोक्यावर घेतले त्यांनीच तिला पायाखाली घेतले. शिल्पा शेट्टी तो खेळ जिंकल्या. २००८च्या ऑगस्टमध्ये जेड ‘बिग बॉस’च्या दुसऱ्या पर्वासाठी भारतात आली, सूत्रसंचालन शिल्पा शेट्टी यांचेच होते. तेथे असतानाच, कॅमेरे चालू असलेल्या त्या घरात, तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे समजले. पुढे तिचे आजारपण छापले गेले, तिचे लग्न विकले गेले. मुलांसाठी पैसे ठेवायचे आहेत, असे ती सांगत असे. २२ मार्च २००९ रोजी ती गेली तेव्हा तिचे वय २७ होते.

ही हकीकत मी तिची निर्भर्त्सना करण्यासाठी सांगत नाही. या साऱ्या कथेत तिच्याइतके कष्ट दुसऱ्या कोणीच घेतले नसतील. शिवाय एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे: तिच्या आजाराची बातमी पसरल्यावर इंग्लंडमध्ये त्या कर्करोगाच्या तपासणीला येणाऱ्या स्त्रियांची संख्या लक्षणीय वाढली. जमलेल्या गर्दीकडून कधी कधी चांगले कामही होते. आपल्याकडच्या पोलिओ मोहिमेला ओळखीच्या चेहऱ्यांचा उपयोग झालाच. मात्र तिला कोणी ‘थोर’ म्हटले असते तर ते खोटे ठरले असते, आणि ‘कुप्रसिद्ध’ म्हटले असते तर तो अन्याय झाला असता. ‘सेलिब्रिटी’ हाच तिच्या स्थितीचा अचूक शब्द होता. या स्थितीला नाव हवे होते. ते इंग्रजीने दिले. त्या नावात स्थितीची करुणाही आहे.

कायद्यालाही असा शब्द लागतो. एका प्रसिद्ध नटदांपत्याची जाहिरातीतली प्रतिमा एका सराफाने परवानगीवाचून वापरली, त्या प्रकरणात २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाला सेलिब्रिटी म्हणजे कोण हे सांगावे लागले. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा, की पुष्कळ लोक जिच्याविषयी बोलतात किंवा पुष्कळांना जी ठाऊक आहे, अशी व्यक्ती. पुढे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीवरही दंडाची तरतूद केली. या ठिकाणी कर्तृत्व विचारायचेच नसते. ज्याचा चेहरा माल खपवतो त्याचे हक्क आणि त्याची जबाबदारी ठरवायची असते. बाजार, जाहिरात, दूरचित्रवाणी, कायदा या क्षेत्रांत हा शब्द खुशाल वावरावा. तेथे तो खरे बोलतो.

आता माझ्या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप. ‘नामवंत’, ‘विख्यात’, ‘थोर’ ही विशेषणे वाटली कोणी? मूठभर जातींच्या, मूठभर शहरांच्या, बहुतांशी पुरुषांच्या हाती ती मोहर होती. दूरचित्रवाणीने आणि मोबाइलने ती मोहर फोडली. खेड्यातली पोरगी आज लाखोंना ठाऊक होते, आणि प्राध्यापकांना म्हणूनच पोटदुखी होते. या आक्षेपातला पहिला भाग शब्दशः खरा आहे आणि त्यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही. पण ती मोहर मराठीत खरोखर फोडली कोणी? अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ने (१९५९), बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ने (१९६३), नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने. त्यांनी जुनी मोजपट्टी टाकून दिली ती मोजमापच नको म्हणून नव्हे. ती खोटी आहे हे त्यांनी आपल्या लेखनाने सिद्ध केले आणि नवी मोजपट्टी समीक्षेच्या हाती दिली. त्यांना ‘सेलिब्रिटी’ म्हणणे म्हणजे त्या लेखनाने जिंकलेली लढाई परत गमावणे. आणि नव्या दाराशी पहारेकरी नाहीत, हाही भ्रमच. कोणाचा चेहरा किती वेळ दिसावा हे ठरवणारे लोक आजही मूठभरच आहेत. फरक इतकाच, की पूर्वीच्या पहारेकऱ्याशी भांडता येत असे, त्याच्या अभिरुचीवर लेख लिहिता येत असे. आजचा पहारेकरी आकडे पुढे करतो, आणि आकड्यांना अभिरुची नसते. खेड्यातल्या त्या मुलीच्या अंगी कला असेल तर तिला गायिका म्हणा, विनोदी लेखिका म्हणा, नटी म्हणा. ‘सेलिब्रिटी’ म्हणून आपण तिच्या कलेचे नावच खोडतो.

राहता राहिले शुद्धिवादी मित्र. परभाषेतला शब्द म्हणून माझा विरोध असता तर मी कागदावर शाईने लिहूच शकलो नसतो. चावी, पगार आणि बटाटा यांनाही मुकलो असतो. भाषाशुद्धीच्या चळवळीने दिनांक आणि महापौर यांसारखे उत्तम शब्द रूढ केले, कारण त्या वस्तूंना सभ्य मराठी नाव देण्यात काही खोटे नव्हते. येथे मात्र प्रतिशब्द देणे हीच फसवणूक आहे. ‘वलयांकित’ घ्या. वलय कशाचे? देवामागच्या प्रभावळीचे, संतांच्या चित्रात डोक्यामागे काढतात त्या तेजाचे. इंग्रजी शब्दात निदान गर्दीची आठवण तरी होती. आपण तिच्या जागी देवत्व बसवले. ‘ख्यातकीर्त’ घ्या. त्यात तर ख्यातीही आहे आणि कीर्तीही. सांगण्याचे दोन-दोन धातू, आणि सांगायला एकही गोष्ट नाही. असे भाषांतर म्हणजे चिल्लर देऊन तिच्या बदल्यात सोन्याची मोहर घेणे. आणि मोहर एकदा अशी सुटी झाली, की तिची किंमतही चिल्लरीचीच होते. उद्या खरोखर ख्यातकीर्त असलेल्या माणसासाठी आपल्यापाशी शब्द उरत नाही.

अगदीच प्रतिशब्दाचा हट्ट असेल, तर मी एक सुचवतो. मराठीत ‘प्रस्थ’ असा एक झकास शब्द आहे. ‘त्याचे फार प्रस्थ माजले आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाभोवतीची माणसे, त्याचा गाजावाजा आणि आपली शंका, तिन्ही गोष्टी एका दमात सांगून होतात. बूर्स्टिन यांना व्याख्या करावी लागली ते आपल्या आजीने एका शब्दात सांगितले होते. तर मग छापा पत्रिकेत: ‘प्रमुख पाहुणे, सुप्रसिद्ध प्रस्थ.’ छापवत नाही ना? का छापवत नाही, याचा विचार केला म्हणजे ‘सेलिब्रिटी’ छापताना आपण काय गिळत होतो ते कळेल.

त्या कार्यक्रमाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पत्रिकेवर अखेर ‘सेलिब्रिटी कवी’च छापले गेले. सभागृह भरले. पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्या विद्यार्थिनीने त्यांचे समाजमाध्यमांवरचे अनुयायी किती, कोणत्या मालिकेचे शीर्षकगीत त्यांनी लिहिले, कोणत्या कार्यक्रमात ते परीक्षक होते, हे सारे न चुकता सांगितले. त्यांच्या दोन कवितासंग्रहांची नावे परिचयात नव्हती. मुलीचा दोष नाही; तिला दिलेल्या शब्दाने जे मागितले ते तिने शोधले. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो. दोन्ही संग्रह फडताळात होते, आणि त्यांच्या देवघेवीच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. मी ते घरी नेऊन वाचले. पहिल्यात काही कविता कच्च्या आहेत. दुसऱ्यात आजारी वडिलांवर लिहिलेल्या चार-पाच कविता अशा आहेत, की त्या वर्गात शिकवाव्यात. त्या भरलेल्या सभागृहात त्यांच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही, खुद्द कवीनेही नाही. त्याला ज्यासाठी बोलावले होते ते त्याने केले.

या शब्दाने कवीचे नाव मोठे केले आणि त्याची कविता झाकली, ही माझी तक्रार आहे, आणि ती कवीच्या वतीने आहे. पुढच्या फेब्रुवारीत पत्रिकेचा मसुदा पुन्हा समोर येईल. तेव्हा बिरुदाच्या जागी मी पाहुण्यांच्या पुस्तकाचे नाव लिहिण्याचा आग्रह धरणार आहे. ते लिहिता येत नसेल, तर पाहुणा बदलावा किंवा आपण आधी वाचून यावे.